न दुखणाऱ्या मणक्यात स्क्रू

आर्वी तालुक्यातली बाई, वय ५२. तीस वर्षं पराटीत वेचणी, सोयाबीनची सोंगणी, पावसाळाभर निंदण. तक्रार तिच्याच शब्दांत: "चालतानी पाय भरून येते जी, बसलं का बरं वाटते." एमआरआय सांगतो की कमरेचा चौथा मणका पाचव्यावर थोडा पुढे सरकला आहे आणि तिथे नसांची वाट अरुंद झाली आहे. त्याच्या वरची, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधली गादी फोटोत काळी पडलेली दिसते, पण तिथून तिला कसलाही त्रास नाही.

चौथा-पाचवा मणका स्क्रू-रॉडने जोडायचा, म्हणजे फ्यूजन करायचं, हे जवळपास ठरलं आहे. भांडण वरच्या काळ्या गादीवरून आहे. ती तशीच सोडायची, की तिच्या आजूबाजूलाही स्क्रू घालून लवचीक आधार द्यायचा? खाली कडक जोड आणि वर थोडी हालचाल राखणारा आधार, अशा जोडकामाला हायब्रिड डायनॅमिक स्टॅबिलायझेशन म्हणतात.

बाई कुणी एक नाही. वर्ध्याच्या कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या ओपीडीत बाकावर बसलेल्या अनेकींची मिळून ती झाली आहे. पुढचा संवादही रचलेला आहे, त्यातले आकडे मात्र खरे आहेत. बोलणारे दोघं: सेवाग्रामला अनेक वर्षं मेडिसीन शिकवून निवृत्त झालेले सर, आणि त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे मणक्याचा सर्जन झालेला विद्यार्थी.

सर्जन: सर, ऑपरेशन लागणार हे तरी मान्य आहे ना? व्यायाम झाले, गोळ्या झाल्या, कमरेतलं इंजेक्शन झालं. शंभर पावलं चालली की बाई खाली बसते.

सर: ते मान्य. पण तिला नीट विचारलंस का, केव्हा जास्त दुखतं? मी विचारलं. वाकून कापूस वेचताना पायाला काही होत नाही म्हणते. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन ताठ चालत घरी निघाली की पाय भरतात.

सर्जन: नस दबल्याचंच लक्षण ते. वाकलं की नसांची वाट मोकळी होते, ताठ झालं की आवळते.

सर: म्हणजे वाकणं नसेला बरं. आणि गादीला? नाचेमसन नावाच्या स्वीडिश सर्जनने गादीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असताना १०० धरला तर उभ्याने पुढे वाकल्यावर १५०, आणि वाकून वीस किलो उचलले की २२०. आता वेचणाऱ्या बाईच्या कमरेला बांधलेलं फडकं आठव. कापूस त्यात पोटापुढे साठत जातो. मजुरी किलोवर, त्यामुळे फडकं भरल्याशिवाय ती तासाच्या कडेला जात नाही. पोटापुढचं ते ओझं दिवसभर कमर पुढे ओढतं आणि पाठीचे स्नायू मागे धरून ठेवतात. ज्या वाकण्याने पायाला आराम पडतो, त्याच वाकण्याने तीस वर्षांत गादी झिजली.

सर्जन: तेच तर म्हणतोय मी! ही बाई ऑपरेशननंतर घरी बसणार नाही. चार-सहा महिन्यांनी पुन्हा शेतात जाणार. चौथ्या-पाचव्या मणक्यात पुढे-मागे वाकण्याची सुमारे १६ अंशांची सोय असते, ती आपण कायमची बंद करणार. वाकणं तर थांबणार नाही. जोडीतला एक बैल बसला की जू दुसऱ्याच्या मानेवर येतं, तसं ते काम वरच्या गादीवर येणार. आणि ती आधीच काळी आहे.

सर: किती जणांना त्याचा त्रास होतो?

सर्जन: घिसेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ चा अभ्यास आहे, कमरेचं फ्यूजन झालेले २१५ रुग्ण. शेजारच्या मणक्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण पाच वर्षांत १६.५ टक्के आणि दहा वर्षांत ३६ टक्के निघालं. तिघांतल्या एकाला, सर! शहरातला माणूस दुसऱ्या ऑपरेशनला रजा टाकून येतो. ही बाई दुसऱ्यांदा येईल तेव्हा घरातलं काहीतरी विकून येईल, किंवा येणारच नाही. एकदा पाठ उघडलीच आहे तर वरच्या मणक्याची तजवीज तेव्हाच करून टाकावी, असं मला वाटतं.

(इथे सर्जनचं पारडं जड आहे. दुसऱ्या ऑपरेशनची किंमत गावात फक्त रुपयांत मोजून भागत नाही. एक हंगाम जातो, घरातलं कुणीतरी सोबत अडकून पडतं, आणि सून-मुलीच्या अंगावर दुप्पट काम येतं.)

सर: आकडा खरा आहे. पण तो काय मोजतो ते बघ. ज्याची एक गादी झिजली त्याच्या बाकीच्याही झिजत असतात, फ्यूजन होवो न होवो. २०१५ साली ब्रिंजिकजी वगैरेंनी कसलाही त्रास नसलेल्या लोकांचे स्कॅन एकत्र करून पाहिले. विशीतल्या ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या, आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या. बावन्नाव्या वर्षी शेतमजूर बाईची गादी काळी दिसली, तर त्या फोटोवर उपचार करायचे का?

सर्जन: नुसत्या फोटोवर नाही, फोटो आणि शेजारचं फ्यूजन या दोन्हींवर.

सर: बरं, तुझा तो लवचीक आधार कसा असतो ते एकदा सांग. मी आता म्हातारा झालो, माझ्या वेळी तर रॉडच होते.

सर्जन: कल्पना साधी आहे. पेडिकल स्क्रू फ्रान्सच्या रॉय-कामीय यांनी १९६३ पासून वापरायला घेतले. त्यावर कडक रॉड बसवला की फ्यूजनचा सांगाडा तयार होतो. लवचीक पद्धतीत कडक रॉड नसतो. सगळ्यात जास्त वापर झाला तो डायनेसिसचा. गिल दुबोआ या फ्रेंच सर्जनचं डिझाइन, १९९४ मध्ये पहिल्यांदा बसवलं. वरच्या आणि खालच्या टायटॅनियम स्क्रूमध्ये पॉलिकार्बोनेट युरेथेनची पोकळ नळी असते आणि तिच्यातून पॉलिएस्टरची दोरी ताणून बांधतात. पुढे वाकलं की दोरी ओढ धरते, मागे झुकलं की नळी दबते. हालचाल पूर्ण थांबत नाही, तिला लगाम बसतो. शिवाय पीक नावाच्या प्लास्टिकचे रॉड आहेत, दोन मणक्यांच्या मागच्या काट्यांमध्ये बसवायच्या पाचरी आहेत. हायब्रिडमध्ये हाच लवचीक भाग फ्यूजनच्या वर जोडतात.

सर: ठीक. आता मला फक्त स्क्रूबद्दल सांग. फ्यूजनमध्ये स्क्रू किती दिवस काम करतो?

सर्जन: हाड जुळेपर्यंत. सहा महिने, कधी वर्ष.

सर: आणि नंतर?

सर्जन: नंतर भार हाडच घेतं. स्क्रू नुसता आत पडून राहतो.

सर: आणि लवचीक भागातला स्क्रू?

सर्जन: (थांबून) तिथे हाड जुळवायचं नसतंच. त्याला काम करतच राहावं लागतं.

सर: किती वर्षं?

सर्जन: ती वाकत राहील तोवर.

सर: अडचण तिथेच आहे, बाबा. फ्यूजन म्हणजे हाड आणि स्क्रू यांची शर्यत. हाड आधी जुळलं तर स्क्रूची सुटका. लवचीक भागातल्या स्क्रूला सुटका नाही. प्रत्येक वाकण्याला तो हाडात थोडा हलणार, आणि हे हाड कसलं? पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेल्या बाईचं. दिवसभर उन्हात राबली तरी ड जीवनसत्त्व कमी निघालेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात. असा स्क्रू सैल झाला की एक्स-रेवर त्याच्याभोवती काळं कडं दिसतं. मग तो काढायला पुन्हा टेबलावर. तू दुसरं ऑपरेशन टाळायला निघालास आणि त्याचं एक नवं कारण आत बसवून आलास.

(माझ्या मते सगळ्या वादाचा कणा हा आहे. 'लवचीक' म्हटलं की ते निसर्गाच्या जवळचं आणि म्हणून सौम्य वाटतं. पण कडक जोडाचं धातूवरचं अवलंबन तात्पुरतं असतं, लवचीक जोडाचं कायमचं.)

सर्जन: म्हणूनच आधी हाडाची घनता तपासायची, ठिसूळ हाडात हे करायचंच नाही. ते मी मानतो. पण हाड चांगलं असलेल्या रुग्णांत हायब्रिडनंतर वरच्या गादीची झीज एक्स-रेवर कमी दिसते, असे अभ्यास आहेत.

सर: एक्स-रेवर. आणि रुग्णात?

सर्जन: तिथे फरक फारसा मिळत नाही.

सर: बर्लिनच्या शारिते रुग्णालयाचा अभ्यास वाचलास ना? २०१० मध्ये आला. अगदी आपल्या बाईसारखेच ६० रुग्ण: खालची पातळी दुखरी, वरची झिजलेली पण न दुखणारी. काहींचं नुसतं फ्यूजन, काहींचं फ्यूजन आणि वर लवचीक आधार. सहा वर्षं पाठपुरावा केला आणि रुग्णाला जाणवेल असा फायदा सापडला नाही. लवचीक गटात सामान निकामी होण्याचे प्रकार झाले, आणि झीज त्या आधाराच्याही वरच्या गादीकडे सरकलेली दिसली. म्हणजे जू दुसऱ्या बैलावरून तिसऱ्यावर.

सर्जन: तो एक अभ्यास, सर. रुग्ण थोडे होते.

सर: थोडे होते, खरं आहे. पण न दुखणाऱ्या जागी स्क्रू घालायचा असेल तर पुरावा कुणी द्यायचा, घालणाऱ्याने की न घालणाऱ्याने? अमेरिकेत डायनेसिसला २००४ मध्ये परवानगी मिळाली ती फ्यूजनच्या जोडीला वापरण्यासाठी. फ्यूजनशिवाय, एकट्याने वापरायचा अर्ज २००९ मध्ये तज्ज्ञ समितीपुढे गेला तेव्हा समितीने कौल विरोधात दिला.

सर्जन: मग सर, तुम्ही फ्यूजनवर तरी का थांबता? स्वीडनमधला २०१६ चा फोर्स्थ यांचा अभ्यास सांगतो की नसांची वाट नुसती मोकळी केली आणि फ्यूजन नाही केलं, तरी रुग्ण तितकाच बरा राहतो. २४७ रुग्ण होते, त्यांत सरकलेल्या मणक्याचेही होते. नॉर्वेचा २०२१ चा अभ्यास तर सरकलेल्या मणक्यांवरच केलेला, २६७ रुग्ण, आणि निष्कर्ष तोच. फ्यूजनच नको म्हटलं तर शेजारच्या मणक्याचा प्रश्न उरतोच कुठे?

सर: (हसून) हा मुद्दा मी मांडणार होतो.

सर्जन: पण त्याच २०१६ मध्ये, फोर्स्थ यांचा अभ्यास छापलेल्या नियतकालिकाच्या त्याच अंकात घोगावाला यांचा अमेरिकेतला अभ्यास आहे. ६६ रुग्ण, सगळे सरकलेल्या मणक्याचे. त्यात नुसती वाट मोकळी केलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, फ्यूजनवाल्यांत १४ टक्क्यांना. आपल्या बाईचा मणका वाकून आणि ताठ उभं करून काढलेल्या एक्स-रेत हलतो. कंबरही दुखते, नुसता पाय नाही. आणि तिचं काम ओझ्याचं आहे. म्हणून मी फ्यूजन म्हणतो.

सर: हलत असेल तर मीही हट्ट धरणार नाही. न हलणाऱ्या, फक्त पाय दुखणाऱ्या, सत्तरीच्या म्हाताऱ्याला तू रॉड घातलास तर मात्र मी भांडेन.

सर्जन: भांडा. पण लवचीक आधार सरसकट बाद करू नका. समजा वरची गादी नुसती काळी नाही, तिथेही नस दबते आहे, ती वाट मोकळी करताना मागचं हाड थोडं काढावं लागतंय, रुग्ण पंचेचाळीसचा, हाड मजबूत. तिथे दोन्ही पातळ्या कडक करण्यापेक्षा एक कडक, एक लवचीक करावं असं मला आजही वाटतं.

सर: तिथे ती पातळी दुखते आहे. मग वाद वेगळा. दुखत नसलेल्या जागेबद्दल बोलतोय मी.

सर्जन: मग वरच्या गादीला वाऱ्यावर सोडायचं?

सर: नाही. तिला जपायचे उपाय तुझ्याच हातात आहेत आणि फुकट आहेत. वरचा स्क्रू घालताना त्या मणक्याचा वरचा सांधा खरवडू नकोस. आणि जोडताना कमरेची नैसर्गिक कमान राख. सपाट जोडलेली कंबर वरच्या गादीवर आयुष्यभर ताण टाकते, हे तूच मला शिकवलंस.

सर्जन: ते तर करतोच, सर. कमान बिघडली तर लवचीक रॉडही वाचवत नाही.

सर: आता पैशाचं बोल.

सर्जन: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसवू. आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. कोणतं सामान पॅकेजमध्ये येतं ते आरोग्यमित्राला आधी विचारायचं.

सर: विचारच. हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधली. मणक्याच्या स्क्रूला तशी बांधलेली किंमत नाही. दोन जादा स्क्रू, त्यावरची नळी आणि दोरी म्हणजे जादा बिल. आमच्या सेवाग्रामला गावकरी सुगीनंतर ज्वारी देऊन दवाखान्याचा विमा काढायचे. सुशीलाबहन नायरांनी १९६९ मध्ये तिथलं मेडिकल कॉलेज काढलं तेच गावासाठी. खेड्यातल्या माणसाच्या ज्वारीवर आपण शिकलो, तेव्हा प्रत्येक स्क्रूचा हिशेब त्याला देता आला पाहिजे.

सर्जन: सर, हिशेब द्यायचाच. पण गरीब आहे म्हणून तिला जुनंच द्यायचं, नवं शहरवाल्यांना, असं तर म्हणायचं नाही ना तुम्हाला?

सर: (थोडा वेळ गप्प) नाही. तो मुद्दा बरोबर आहे. नवं असून उपयोगाचं असेल तर तिला आधी. पण उपयोग ठरायचाय, तेव्हा तिच्यावर ठरवू नये एवढंच.

(सरांचं हे उत्तर मला पटतं, पण पुरतं नाही. उपयोग ठरायला कुणावर तरी वापरून पाहावंच लागतं. मात्र ते रीतसर अभ्यासात, रुग्णाला सांगून, वर्षानुवर्षं पाठपुरावा ठेवून व्हायला हवं. गावाकडचा रुग्ण टाके काढले की दिसेनासा होतो. दहा वर्षांनी सैल झालेला स्क्रू मोजायला मग कुणी उरत नाही.)

सर्जन: पाठपुराव्याचं म्हणाल तर माझी खरी काळजी ऑपरेशननंतरची आहे. सावंगीला रवी नायर फिजिओथेरपी कॉलेज आहे, मुलं हुशार आहेत. पण आर्वीहून आठवड्यातून तीनदा कोण येणार?

सर: मग घरी करता येईल तेवढंच शिकव. दुसऱ्या दिवशी उभं करायचं, चालायला लावायचं, रोज थोडं वाढवायचं. कमरेत न वाकता खुब्यात आणि गुडघ्यात वाकायला शिकवायचं, घागर अंगाजवळ धरून उचलायला शिकवायचं. पहिले तीन महिने ओझं नाही. हे तिला एकटीला सांगून उपयोग नाही, नवऱ्याला आणि सुनेला समोर बसवून सांग. घागर तिने उचलायची नाही तर कुणी उचलायची, हे त्याच बैठकीत ठरलं पाहिजे.

सर्जन: आणि खर्रा.

सर: खाते?

सर्जन: दिवसाला दोन पुड्या. त्यातल्या तंबाखूच्या निकोटिनने हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. मी सांगितलं की हसते.

सर: मला पाठव तिला. ऑपरेशनच्या आधी दीड-दोन महिने सुटला तर तुझ्या लवचीक रॉडपेक्षा जास्त काम होईल. पण मधेच पाऊल लुळं पडलं, लघवी कळेनाशी झाली किंवा बसायची जागा बधिर झाली तर खर्ऱ्याची वाट पाहू नकोस. त्याच दिवशी टेबलावर घे.

सर्जन: ते सांगायला नको, सर.

दोघांचं ठरलं ते असं. आधी हाडाची घनता आणि ड जीवनसत्त्व तपासायचं, खर्रा बंद. मग चौथ्या-पाचव्या मणक्यातली नसांची वाट मोकळी करून तेवढीच पातळी जोडायची, कमान राखून. वरच्या काळ्या गादीला हात लावायचा नाही. वर्षातून एकदा एक्स-रे, तोही वेचणीचा हंगाम संपल्यावर, म्हणजे ती येईल. सर्जनने शेवटी एवढं मात्र बजावलं की दहा वर्षांनी वरची पातळी दुखायला लागली तर सरांना फोन करणार. सर म्हणाले, तेव्हा मी असेन तर कर.

माझा कौल या एका बाईपुरता सरांच्या बाजूने आहे. सर्जनची भीती खोटी नाही, शेजारचा मणका खरोखरच बिघडतो. पण तो बिघडू नये म्हणून वर बसवलेला लवचीक आधार रुग्णाचं दुखणं कमी करतो, हे अजून नीट सिद्ध झालेलं नाही. त्याचा स्क्रू मात्र ठिसूळ होत जाणाऱ्या हाडात जन्मभर ताण सोसत राहणार, हे नक्की.

तुमच्या घरात कुणाला कमरेच्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला असेल तर संमतीपत्रावर सही करण्याआधी फिल्म खिडकीकडे धरा आणि डॉक्टरांना बोट ठेवून दाखवायला सांगा: दुखतो तो मणका कोणता, आणि नुसता फोटोत खराब दिसतो तो कोणता. प्रत्येक स्क्रू या दोहोंपैकी कुठे जाणार आहे, हेही तेव्हाच विचारून घ्या.